घनश्यामच्या यादीतलं पाचवं पुस्तक

हिंगणी, जिल्हा वर्धा
१७ ऑगस्ट १९५६

रा. रा. मधुकरराव, संपादक, मासिक 'उलगडा', नागपूर
यांस नमस्कार.

आज शुक्रवार. घनश्यामची तेरवी झाली. सकाळी पाऊस नव्हता. अकरापर्यंत विधी आटोपले, साठेक माणसं जेवली, तीनच्या सुमाराला मांडव काढला. पाहुणे चारच्या मोटारीने गेले.

माझा धाकटा भाऊ घनश्याम ५ तारखेला विषमज्वराने वारला. वय चौतीस. तो जंगल खात्यात कारकून होता, आणि आपल्या मासिकात 'वाटाड्या' या नावाने रहस्यकथा लिहीत असे. आई तो लहान असतानाच गेली, वडील तो अकरा वर्षांचा असताना. मी त्याच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा. त्याला मीच वाढवला. त्याने लग्न केलं नाही, माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघंच होतो.

त्याच्या टेबलावर आपलं जूनचं पत्र मिळालं. दिवाळी अंकासाठी 'यंदा वाचलेली माझी आवडती पुस्तके' असा मजकूर आपण त्याला मागितला होता. त्याच्या वहीत तो मजकूर लिहून झालेला दिसतो. पाच पुस्तकं आहेत. मी अजून वाचलेला नाही. पाठवू की नको, ते कळवावं.

मी इथल्या शाळेचा हेडमास्तर आहे. कादंबऱ्या वाचत नाही. घनश्यामच्या कथाही मी वाचल्या नाहीत. रोज खून लिहिणं मला बरं वाटत नसे, आणि हे मी त्याला बोलूनही दाखवलं होतं.

तेरवीच्या दिवशी मृताचे कपडे एखाद्या गरजू माणसाला द्यायची आमच्याकडे रीत आहे. घनश्यामने मात्र तापात दोनदा बजावलं, "दादा, माझे कपडे कोणाला देऊ नका." कारण सांगितलं नाही. मी ते ट्रंकेत ठेवले. 

आपला,
वासुदेवराव

*

सीताबर्डी, नागपूर
२२ ऑगस्ट १९५६

आदरणीय मास्तरसाहेब,

तुमचं पत्र वाचलं, खरं वाटत नाही. जूनच्या शेवटी घनश्यामराव इथे माझ्या खुर्चीत बसून माझाच चहा पीत होते, आणि वर मलाच सांगत होते की तुमच्या अंकातले खुनी फार आळशी झालेत. असा माणूस जातो म्हणजे काय!

मजकूर जरूर पाठवा. आमच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक रहस्यकथाकार वर्षभरात काय वाचलं ते सांगतो. खुनाच्या कादंबऱ्या तर असतातच, पण ज्यात खून नाही आणि तरी अंगावर काटा येतो, अशीही पुस्तकं असतात. वाचक त्या पानाची वाट बघतात, कारण तिथे लेखक सोंग घेत नाही.

एक काम करा. वही पोस्टाने पाठवू नका, हरवली तर दुसरी नाही. तुमच्या हाताने उतरवून पाठवा. हेडमास्तरांचं अक्षर आहे, माझा कंपोझिटर दुवा देईल.

आणि तुम्ही त्यांच्या कथा वाचल्या नाहीत याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. ते हसून म्हणायचे, "आमचे दादा सत्यवचनी. त्यांना खोट्या साक्षीदारांचा कंटाळा."

तुमचा,
मधुकर

*

हिंगणी
३० ऑगस्ट १९५६

रा. रा. मधुकरराव यांस नमस्कार.

शाळा सुटल्यावर रोज थोडं थोडं उतरवलं. चार पुस्तकांचा मजकूर खाली देतो. शब्द सगळे त्याचेच आहेत.

"१. 'भोंग्यानंतर'. गिरणगावातली कादंबरी. खून तिसऱ्या पानावर, खुनी विसाव्या पानावर कळतो. पुढची दोनशे पानं तो पाळीवर जातो, डबा खातो, बायकोला लुगडं आणतो. पोलीस त्याच्याकडे येतच नाहीत. मला त्याच्या डब्यातल्या भाजीची भीती वाटायला लागली.

२. 'पाहुणीचा पलंग'. आठ दिवसांसाठी आलेली मावशी दोन वर्षं राहते, एवढीच गोष्ट. यात कोणी कोणाला मारत नाही. तरी वाचून झाल्यावर मी उठून दाराला कडी लावली. असं एक पान लिहिता आलं तर मी खून लिहिणं सोडून देईन.

३. एक इंग्रजी पुस्तक. सेलूच्या स्टेशनमास्तरांकडून आणलं. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे नाव ठाऊक नाही. शेवटची आठ पानंही नाहीत. स्टेशनमास्तर म्हणाले, 'म्हणूनच तुम्हाला दिलं, नाही तर मीच ठेवलं असतं.' खुनी कोण ते मी मोटारीत बसून ठरवलं. बहुतेक लेखकाने ठरवला त्यापेक्षा बरा असावा.

४. 'तिसऱ्या मजल्यावरचे सद्गृहस्थ'. निवृत्त न्यायाधीश आपण शिक्षा दिलेल्या माणसांच्या घरी एकेक करून चहाला जातात. भाषा साधी, गोष्ट संथ. पण प्रत्येक घरी त्यांना खुर्ची कोण देतं आणि कशी देतं, तेवढं बघावं."

दुसरं पुस्तक त्याच्या कपाटात होतं. पाहावं म्हणून उघडलं, आणि संपल्यावरच खाली ठेवलं. आवडलं असं म्हणवत नाही. ती मावशी मात्र दोन दिवस घरात असल्यासारखी वाटली.

पाचवं पुस्तक राहिलं आहे. ते लांब आहे. उद्या उतरवून पाठवतो.

आपला,
वासुदेवराव

*

नागपूर
१२ सप्टेंबर १९५६

मास्तरसाहेब,

चारही मजकूर कंपोझला गेले. भाजीच्या भीतीवर आमचा कंपोझिटर इतका हसला की हातातले टाइपाचे खिळे सांडले.

पण पाचवं कुठे आहे? तुमचा 'उद्या' बारा दिवसांचा झाला. मध्ये एक कार्ड टाकलं, त्यालाही उत्तर नाही. तुमची तब्येत ठीक आहे ना? की पुस्तकात काही चावट आहे म्हणून हेडमास्तरांची लेखणी अडली? तसं असेल तर बिनधास्त पाठवा, चावट भाग मी गाळतो. आधी नीट वाचून, मग गाळतो.

थट्टा सोडा. जूनमध्ये घनश्यामराव मला म्हणाले होते, "मधुकरराव, पाचवं आधी लिहून ठेवलं आहे. बाकीची चार त्याला सोबत म्हणून. जागा कमी पडली तर चार काढा, पाचवं काढू नका." म्हणून हा तगादा. पुस्तकाचं नाव तरी कळवा, मी इथल्या दुकानांत शोधतो.

तुमचा,
मधुकर

*

हिंगणी
१६ सप्टेंबर १९५६

रा. रा. मधुकरराव यांस नमस्कार.

शोधू नका. ते पुस्तक कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

मी ते ३१ ऑगस्टला उतरवायला घेतलं. अर्ध्यावर थांबलो. त्या दिवशी पुढे काय केलं ते नीट आठवत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना एकच नाव तीनदा पुकारलं, मुलं एकमेकांकडे बघू लागली. आज सगळं उतरवून काढतो.  अक्षराबद्दल माफी असावी.

"५. 'शेतातला उभा माणूस'. लेखकाचं नाव नाही. जंगलाला लागून असलेलं एक गाव. मालगुजाराचा कारभारी विहिरीजवळ मेलेला सापडतो, डोक्यात घाव. आदल्या आठवड्यात त्याचं एका गोंड शेतकऱ्याशी चारचौघांत भांडण झालेलं असतं. गावातला एक तरुण मास्तर साक्ष देतो की, दिवस मावळताना गाडीवाटेने येत असता त्याने त्या शेतकऱ्याला विहिरीजवळच्या ज्वारीत उभं पाहिलं. चेहरा दिसला नाही. पण अंगातला काळा कोट ओळखीचा होता, कारण तो मास्तरच्याच वडिलांचा. तेरवीला त्यानेच तो शेतकऱ्याला दिला होता. त्याने हाक मारली, उत्तर आलं नाही. 'तो हात फाकवून उभा होता, कोणाची वाट अडवावी तसा,' असं मास्तर कोर्टात सांगतो. न्यायाधीश ते वाक्य लिहून घेतात.

वाचकाने इथे पुस्तक मिटावं आणि विचार करावा. हात फाकवून, न हलता, हाकेला ओ न देता, ज्वारीच्या शेतात कोण उभं असतं?

बुजगावणं. मेलेल्या माणसाचा कोट अंगावर घालायचा नाही, अशी त्या शेतकऱ्याच्या घरची रीत. म्हणून त्याने तो बुजगावण्याला चढवला होता.

खुनी कोण ते लेखक सांगत नाही. ते त्याला माहीत नाही. मास्तर खोटं बोलला नाही, हीच या पुस्तकातली सगळ्यांत भयंकर गोष्ट. मी आजवर जेवढे साक्षीदार लिहिले, ते सगळे खोटारडे होते. खऱ्या माणसाची साक्ष लिहायला मला जमलं नाही, कारण तो माणूस मला फार प्रिय आहे."

एवढंच आहे.

मधुकरराव, तो मास्तर मी आहे. ते हात फाकवण्याचं वाक्य माझं आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याच्या कोर्टात मी ते शब्दशः बोललो. मेलेल्या कारभाऱ्याचं नाव बाबाराव. शिक्षा झाली तो कवडू. त्याला जन्मठेप झाली आणि पाचव्या वर्षी तो तुरुंगातच वारला. त्याची बायको धुरपता अजून गावाबाहेर, जंगलाच्या कडेला राहते.

न्यायाधीशांनी भर कोर्टात माझ्या साक्षीची वाखाणणी केली होती. त्यावर मला गावात मान मिळाला. तेवीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आलो की, पाहिलं तेवढंच बोलावं, जसा मी बोललो. घनश्याम त्याच वर्गात तीन वर्षं माझ्यासमोर बसला होता.

हे मी छापायला पाठवत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून उतरवलं. वाचून फाडून टाका.

वासुदेवराव

*

नागपूर
१९ सप्टेंबर १९५६

मास्तरसाहेब,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं, मग टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवलं. मागच्या पत्रातली थट्टा आठवून मला माझीच लाज वाटते आहे.

मी या धंद्यात अठरा वर्षं आहे. दर महिन्याला सहा-सात खून छापतो. पण ती 'बुजगावणं' ओळ वाचली आणि मला उठून पाणी प्यावं लागलं.

आता जे लिहितो ते मित्राच्या भावाला लिहितो आहे, संपादक म्हणून नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. घनश्यामरावांनीही तेच लिहिलं आहे. कवडू आता परत येणार नाही. न्यायाधीशही बहुधा हयात नसतील. तुमची नोकरीची तीन-चार वर्षं उरली असतील, गावात नाव आहे. ते का घालवता? मला वाटतं घनश्यामरावांनाही ते नको होतं, म्हणून तर त्यांनी त्याला पुस्तकाचं रूप दिलं.

दोन मार्ग आहेत. पाचवं गाळतो, चार छापतो. किंवा पाचवं जसं आहे तसं, पुस्तक म्हणूनच छापतो. त्यात गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. वाचक वाचनालयात जाऊन ते मागतील, ग्रंथपाल नाही म्हणतील, आणि संपलं. कोणाला कळणार नाही.

एक पान मोकळं ठेवलं आहे. सावकाश ठरवा.

तुमचा,
मधुकर

*

हिंगणी
२४ सप्टेंबर १९५६

रा. रा. मधुकरराव यांस नमस्कार.

काल रविवारी सकाळी धुरपताबाईकडे गेलो. तेवीस वर्षांत मी त्या वाटेने गेलो नव्हतो. ती अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. मला पाहून उठली नाही.

"बसा मास्तर. काऊन आले? घनश्याम तं गेला."

मी म्हटलं, कवडूच्या कोटाबद्दल विचारायचं आहे.

"आता?" ती हसली. "तुमाले तेवीस वर्सं लागले. घनश्यामले एक कप चहा लागला. दोन वर्साआंदी जंगल खात्याचा कागद घेऊन आलता, चहा पेता पेता इचारलं, धुरपता, त्या कोटाचं तुमी केलं काय होतं? म्या सांगतलं. मले त्याच्या आंदी कोनं इचारलंच नव्हतं."

मग तिने मलाही सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहितो.

"आमच्या घरी मेलेल्याचं आंगावर घालत नाई. पन तुमच्या बापूजीचा कोट, फेकाचा कसा? जवारीत हुभा केला. दुसऱ्या दिवशी बाबारावचं मढं भेटलं, सारा गाव इहिरीवर जमा होऊन राह्यला, तं म्याच धावत जाऊन कोट काढला अन् घरात ठेवला. काऊन सांगू? तुमी येसान, बापाचा कोट बुजगावण्यावर पाहासान, तुमाले कसं वाटन म्हून. तो कोट घरातच पोलिसाईले भेटला."

मी विचारलं, कवडूने कोर्टात हे का सांगितलं नाही?

"तुमी समोर हुभे होते ना! तुमच्या तोंडावर कसं सांगाचं? मले तो म्हने, धुरपता, मास्तरले वाईट वाटन. म्या खून केला नाई, तं मले काय करतीन? सुटून येईन." मग बिया सुपात ओढत म्हणाली, "लय भारी बुजगावणं होतं मास्तर. पाखरू एक नाई हाकललं त्यानं. मानूस तेवढा हाकलला."

 शेवटी म्हटलं, माफी मागायला आलो आहे.

"कोनाले? मले? मी तं साक्ष आयकाले नव्हती. मले कोर्टात आत येऊच नाई देल्लं. ज्याईनं आयकली, त्याईले सांगा. ह्या गावानं माह्या पोरीले खुन्याची पोर म्हनून पानी भरू नाई देल्लं. तिले दूर समुद्रपुराकडं देली, तिकडंई नाव लपवून. त्याईले सांगा."

मी तुमच्या मासिकाबद्दल सांगितलं. छापून आलं तर सगळीकडे कळेल, असं म्हटलं.

"मले वाचता येते का? का गावाले येते? दसऱ्याले मारोतीपाशी सारे जमतेत. तिथं बोलजा. तोंडानं सांगतलं होतं, तं तोंडानंच फिरवजा."

निघताना पायात चपला घालता येईनात. तिने बसल्या बसल्याच सांगितलं, "उजवी डावीत घालून राह्यले मास्तर."

पान मोकळं ठेवा. दसऱ्यानंतर कळवतो.

वासुदेवराव

*

हिंगणी
१५ ऑक्टोबर १९५६

रा. रा. मधुकरराव यांस नमस्कार.

काल दसरा झाला. गावातली बरीच मंडळी बौद्ध धर्माच्या दीक्षेसाठी नागपूरला गेली आहेत, त्यामुळे मारुतीपाशी गर्दी नेहमीपेक्षा कमी होती. तरी शंभर-सव्वाशे माणूस असेल. दरवर्षी आपट्याची पानं वाटण्याआधी हेडमास्तर म्हणून मी चार शब्द बोलतो. लोक त्याच तयारीने उभे होते.

मी सांगितलं. कोट मी दिला, तो बुजगावण्याला होता, मी ज्याला पाहिलं तो माणूस नव्हता, कवडू नव्हता, आणि माझ्या साक्षीने तो तुरुंगात मेला. पाच मिनिटंही लागली नसतील.

 मग म्हातारे भैयाजी पाटील पुढे आले. बाबारावच्या मढ्याचा पंचनामा त्यांनीच केला होता. म्हणाले, "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना? सनासुदीले हे काऊन काढलं? धाकट्याचं दुःख आहे, आमी समजतो. घरी जा, आराम करा."

मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे.

"मंग तेवीस वर्सं आमी जे केलं त्या घराशी, ते कोनाच्या भरोशावर केलं? तुमच्याच ना?" त्यांचा आवाज चढला. "आता आमाले पापी करून राह्यले का तुमी?"

तेव्हा मागून, निंबाखालून, धुरपताबाईचा आवाज आला. ती केव्हा आली ते मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मास्तर, अजून एक डाव सांगा. मांगच्याईले आयकू नाई आलं."

लोक वळून तिच्याकडे बघू लागले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. यावेळी मोठ्याने, वर्गात सांगतो तसं. ती शेवटपर्यंत उभी राहिली. मी थांबलो तशी पदर खोचून आपल्या वाटेने निघून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. कोणी तिला अडवलं नाही, आणि कोणी तिच्याशी बोललंही नाही. दोन म्हाताऱ्या बायांनी तेवढी वाट करून दिली.

त्यानंतर पानं वाटली गेली. माझ्या हातात पाच-सहा जणांनी दिली. बाकीचे बाजूने गेले. भैयाजींनी दिलं नाही.

छापण्याबद्दल. पाचवा मजकूर पूर्ण छापावा. त्याखाली माझ्या नावाने एवढं टाकावं : 'हे पुस्तक नाही. गाव हिंगणी, साल १९३३. शिक्षा झालेल्या निरपराध माणसाचं नाव कवडू. साक्षीदार मी.' नाव काढू नये. बाकी चार पुस्तकंही राहू द्यावीत, ती त्याला खरंच आवडली होती. वर्ध्याच्या न्यायाधीशांकडे लेखी अर्ज पाठवला आहे. शाळा तपासनिसांनाही कळवलं आहे. ते काय करतील माहीत नाही.

आपण लिहिलं होतं की घनश्यामला हे बाहेर यायला नको होतं. मला तसं वाटत नाही. तो दोन वर्षं रोज माझ्या समोर बसून जेवला, आणि त्याला सांगता आलं नाही. मी विचारलंही नाही. तू काय लिहितोस, एवढं जरी एकदा विचारलं असतं तरी पुरलं असतं.

काल मारुतीपासून घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. सणाचं कोणी काही पाठवलं नव्हतं. सकाळचं पिठलं उरलं होतं, ते चुलीवर कोमट केलं. भाकर वाळली होती, ती त्यातच कुस्करली आणि जेवलो. मग ताट घासून, धुऊन पालथं घातलं.

आपला,
वासुदेवराव